दुसरं इंजिन बसवताय? आधी गव्हर्नर बघा

सुगी तोंडावर आली की गावोगाव इंजिनांची शोधाशोध सुरू होते. हरभरा काढून पडलेला असतो, गहू वाळत आलेला असतो आणि मळणी यंत्राचं जुनं इंजिन नेमकं याच वेळी बसतं. हेड काढा, लायनर-पिस्टन बदला, क्रँक घासून घ्या, हा मिस्त्रीचा हिशेब ऐकला की शेतकरी सरळ तालुक्याच्या जुन्या बाजाराची वाट धरतो. तिथं जीप, टेम्पो, पिकअप यांची उतरवलेली इंजिनं ओळीनं मांडलेली असतात. विकणारा बॅटरी जोडतो, सेल्फ मारतो, इंजिन धडधडतं. धूर फारसा नाही, आवाज बरा. सौदा होतो आणि संध्याकाळपर्यंत इंजिन ट्रॉलीत पडून गावात येतं.

सौर पंप आले, तरी खळ्यावरचं, ओढ्याकाठचं आणि वस्तीवरच्या जनरेटरचं डिझेल इंजिन अजून गेलेलं नाही. ते बदलून दुसरं बसवण्यात वावगं काही नाही. आपले गावचे फिटरही हुशार आहेत. पाया, कपलिंग, पुली, रेडिएटर सगळं जुळवून देतात. गोम असते ती एकाच जागी. इंजिन घेताना कॉम्प्रेशन बघितलं जातं, ऑइलचा दाब बघितला जातो, पण या इंजिनाचा वेग कोण सांभाळणार, हे कुणी विचारत नाही. गाडीत होतं तेव्हा ते काम ड्रायव्हरचा पाय करत होता. खळ्यावर ड्रायव्हर नसतो.

पेट्रोल इंजिनाचा वेग हवेच्या झडपेनं कमी-जास्त होतो. साध्या डिझेल इंजिनात बहुधा तशी झडप नसते. हवा लागेल तेवढी आत जाते आणि फ्युएल पंप दर वेळी किती डिझेल सोडतो, यावर वेग ठरतो. त्यामुळे इंजिनावरचा बोजा एकाएकी उतरला आणि डिझेल मात्र तेवढंच येत राहिलं, तर इंजिन पळत सुटतं. पळत सुटलेलं डिझेल इंजिन आपण होऊन आवरत नाही, काहीतरी तुटेपर्यंत वेग घेत राहतं. हे होऊ नये म्हणून पंपाला गव्हर्नर जोडलेला असतो. त्यात फिरणारी वजनं असतात आणि त्यांना आवरणारी स्प्रिंग असते. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. वेग उतरला की स्प्रिंग डिझेल वाढवते. उतारावर बैलांना आवरणारा आणि चढावर हाकणारा गाडीवान म्हणा ना!

गव्हर्नरच्या दोन जाती

गव्हर्नर मुख्यतः दोन जातींचे. पहिल्या जातीचा फक्त दोन टोकं सांभाळतो. इंजिन आयडलवर बंद पडू देत नाही आणि वरची मर्यादा ओलांडू देत नाही. मधल्या सगळ्या पट्ट्यात तो हात वर करतो, तिथं ड्रायव्हरचा पाय हाच मालक. रस्त्यावर हे सोयीचं असतं, म्हणून पुष्कळ गाड्यांना, विशेषतः ट्रक-बसना, हाच असतो. दुसऱ्या जातीचा गव्हर्नर सर्व वेगांवर काम करतो. लिव्हर एका जागी ठेवलं की तो वेग त्यानं धरला. बोजा वाढला तर डिझेल आपोआप वाढवतो, उतरला तर कमी करतो. ट्रॅक्टर आणि शेतीची उभी इंजिनं यांना हा असतो. काही गाड्यांच्या पंपांनाही तो असतो, म्हणून गाडीचं इंजिन म्हणजे निकामीच, असं नाही. बघून घ्यायला हवं एवढंच.

पहिल्या जातीचं इंजिन मळणीला लावलं म्हणजे काय होतं, ते बघा. पेंढ्या आत गेल्या की ड्रमवर बोजा येतो, वेग उतरतो, ड्रम तुंबतो. मग कुणीतरी रेस वाढवतं. पेंढ्या निघून गेल्या, घालणाऱ्याचा हात जरा थांबला की तेच इंजिन किंचाळायला लागतं, दाणा फुटतो, भुसा दाण्यात येतो. म्हणून कित्येक खळ्यांवर एक गडी ॲक्सिलेटरपाशी बसवलेला दिसतो. दिवसभर आवाज ऐकून तार ओढायची आणि सोडायची. गडी कितीही तरबेज असला तरी पट्टा उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याचा हात पोचत नाही. आमच्याकडे एका खळ्यावर असाच पट्टा उतरला होता. मोकळं झालेलं इंजिन क्षणात वर गेलं आणि बिडाच्या पुलीचा तुकडा शेडचा पत्रा फाडून बाहेर पडला. माणसं चहाला बसली होती, म्हणून निभावलं.

पुली का फुटली, हेही समजून घेतलं पाहिजे. फिरणाऱ्या वस्तूवरचा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दीडपट झाला तर ताण सव्वादोनपट, दुप्पट झाला तर चौपट. आपल्या शेतातल्या जुन्या पुल्या आणि फ्लायव्हील ६५०, ८५० किंवा १५०० फेऱ्यांच्या इंजिनांसाठी ओतलेली. हलक्या गाडीचं डिझेल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतं. त्याच्या गव्हर्नरनं वरची मर्यादा चोख सांभाळली तरी ती मर्यादा गाडीची आहे, खळ्याची नव्हे.

पंपाच्या बाबतीत थोडं वेगळं आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे पाणी चालू आहे तोवर पंपच इंजिनाला आवरून धरतो आणि पहिल्या जातीचा गव्हर्नरही खपून जातो. पण विहिरीचं पाणी खाली गेलं, फुटव्हॉल्व उघडा पडला, पंपानं हवा धरली की बोजा संपला. अशा वेळी माणूस पंपाजवळ असतोच असं नाही, बहुतेकदा तो बारे देत दूर कुठंतरी असतो.

ओळखायचं कसं?

जुन्या इनलाइन पंपाच्या गव्हर्नरवर बहुधा पत्र्याची पट्टी असते. आपल्याकडचे बरेच पंप मायकोचे, म्हणजे २००८ पासून जिचं नाव बॉश झालं त्या कंपनीचे. पट्टी घासून स्वच्छ करावी आणि अक्षरं वाचावीत. ‘आरएसव्ही’ किंवा ‘आरक्यूव्ही’ असेल तर तो सर्व वेगांचा. नुसतं ‘आरक्यू’ असेल तर सहसा दोन टोकांचा. पट्टी नसेल, किंवा पंप गोल रोटरी जातीचा असेल, तर चालवून बघणं आलं. इंजिन चांगलं गरम होऊ द्यावं. मग हातानं पंपाचं लिव्हर थोडं पुढं नेऊन तिथंच धरून ठेवावं. सर्व वेगांचा गव्हर्नर असेल तर लिव्हरच्या प्रत्येक जागेला एक ठरावीक वेग मिळतो आणि तो टिकतो. दोन टोकांचा असेल तर केसभर हलवलं तरी इंजिन वर पळतं, किंचित मागे घेतलं की खाली कोसळतं, मधला वेग हाताला सापडतच नाही. खरी परीक्षा बोजावर. बाजारात ती होत नाही, म्हणून सौदा करताना ‘पंपावर चालवून बघेन, नाही जमलं तर परत’ असं बोलून घ्यावं. विकणारा कबूल होत नसेल, तर त्याला कारण असतं.

आणखी एक जुनी जात आहे, हवेच्या ओढीवर चालणारी. काही जुन्या हलक्या डिझेल गाड्यांच्या हवेच्या वाटेत झडप दिसते आणि तिथून एक बारीक नळी पंपाकडे जाते. पंपात चामड्याचा किंवा रबराचा पडदा असतो आणि त्या ओढीवर डिझेल कमी-जास्त होतं. ही रचना वाईट नाही. पण नळी निसटली किंवा पडदा फाटला की ओढ संपते आणि पंप पूर्ण डिझेल सोडतो. असं इंजिन घ्यायचंच असेल तर पडदा, नळी आणि दोन्ही टोकांच्या क्लिपा नव्या टाकल्याशिवाय चालवू नये. एअर फिल्टर काढून टाकून तिथं फडकं बांधण्याची पद्धत इथं तर अजिबात नको.

काम कोणतं, वेग किती

गव्हर्नरची जात कळली की पुढचा प्रश्न कमाल वेगाचा. बरेच जण इंजिन ऐकून ठरवतात. पण कानाला दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक कळत नाही आणि पंपाला तो भारी पडतो. हिशेब सोपा आहे. १५०० फेऱ्यांवर ५ एचपी घेणारा पंप १८०० वर फिरवला तर वेग २० टक्के वाढला, पाणीही तेवढंच वाढेल, पण ताकद लागेल साडेआठ एचपीच्या वर. उलट १३५० वर फिरवला तर ताकद साडेतीन एचपीच्या आसपास लागते, पाणी १० टक्के कमी होतं आणि पाणी चढवण्याची उंची जवळपास १९ टक्क्यांनी घटते. विहीर खोल असेल तर तेवढ्यानं पाणी पाइपाच्या तोंडाशीसुद्धा येणार नाही. मग ‘इंजिनात दम नाही’ म्हणून डिझेल वाढवलं जातं. दोष इंजिनाचा नसतो, फेऱ्यांचा असतो.

पुलीचं गणित प्रत्येकानं वहीत लिहून ठेवावं. इंजिनाच्या फेऱ्यांना त्याच्या पुलीच्या व्यासानं गुणा आणि यंत्राच्या पुलीच्या व्यासानं भागा, यंत्राच्या फेऱ्या मिळतात. इंजिन २००० वर, पुली ५ इंची, यंत्राला १००० फेऱ्या हव्यात, तर यंत्रावर १० इंची पुली. गाडीचं इंजिन जुन्या संथ इंजिनाच्या जागी बसवताना जुनीच पुली ठेवली, तर हे गणित पहिल्याच दिवशी अंगाशी येतं.

जनरेटरला तर सूटच नाही. चार पोलच्या जनरेटरला ५० सायकलसाठी १५०० फेऱ्या लागतात, दोन पोलच्याला ३०००. वेग उतरला की मोटारी तापतात, फार चढला की दिवे आणि बोर्ड जळतात. बोजा नसताना वेग थोडा जास्त असणं, म्हणजे १५६० पर्यंत, आणि पूर्ण बोजावर १५०० ला येणं हे साध्या यांत्रिक गव्हर्नरचं नेहमीचं वागणं आहे. त्याहून जास्त फरक पडत असेल तर गव्हर्नर सैल आहे किंवा चुकीचा आहे. पोल्ट्री, दूध संकलन केंद्र किंवा गावची पाणीपुरवठा योजना यांच्या जनरेटरला दोन टोकांचा गव्हर्नर असलेलं इंजिन कधीही घेऊ नये. ग्रामपंचायतीनं राखीव इंजिन घेताना दरपत्रकात एचपीबरोबर फेऱ्या आणि ‘सर्व वेगांचा गव्हर्नर’ हे शब्द लिहून मागवावेत. नुसतं ‘डिझेल इंजिन, चालू स्थितीत’ लिहिलं, तर पुरवठादार काय देईल ते घ्यावं लागतं.

कमाल वेगाचा स्क्रू पंपाच्या लिव्हरपाशी असतो आणि त्याला सील असतं. हा स्क्रू आपल्या कामाच्या वेगापुरता कमी करून घ्यावा, पण पंप बेंचवर लावणाऱ्या दुकानातून. खळ्यावर पाना घेऊन नव्हे. वेग बराच खाली आणायचा असला तर कधी कधी गव्हर्नरची स्प्रिंगही बदलावी लागते, नाहीतर इंजिन एकसारखं वर-खाली झुलत राहतं. शेजारीच डिझेलच्या कमाल मात्रेचा दुसरा स्क्रू असतो. तो ‘उघडून’ ताकद वाढवून देणारे मिस्त्री आहेत. काळा धूर निघायला लागला म्हणजे जास्तीचं डिझेल जळत नाही, नुसतं जातं, आणि पिस्टन तापतो. ५ एचपीचं इंजिन पूर्ण बोजावर तासाला साधारण लिटरभर डिझेल घेतं. आपलं किती घेतं ते बाटलीनं मोजून बघायला काहीच खर्च नाही.

इथं आणखी एक सांगावंसं वाटतं. ५ एचपीच्या पंपाला ६० एचपीचं इंजिन लावण्यात मोठेपणा नाही. एवढं मोठं इंजिन स्वतःला फिरवण्यातच डिझेल खातं, आणि सदा हलक्या बोजावर चाललं की नोझल आणि झडपांवर काजळी धरते.

फ्युएल पंप एका इंजिनाचा काढून दुसऱ्याला लावताना सिलिंडरची संख्या जुळली म्हणजे काम झालं, असं समजतात. फिरण्याची दिशा, डिझेल सोडण्याचा क्रम, प्लंजरचा व्यास, टायमिंग आणि नोझल हे सगळं जुळावं लागतं. शक्य तोवर ज्या इंजिनाचा पंप, त्याच इंजिनावर घ्यावा.

तार, दांडा आणि बंद करण्याची सोय

आता ॲक्सिलेटरची जोडणी. गाडीचं पेडल पाय काढला की परत येतं. शेतीच्या कामाला हातानं ठेवलेल्या जागी टिकून राहणारं लिव्हर हवं. ट्रॅक्टरच्या हातॲक्सिलेटरसारखं घर्षणाच्या चकतीचं किंवा दात्यांच्या पट्टीचं लिव्हर जुन्या बाजारात सहज मिळतं. त्याऐवजी लिव्हरला सुतळी बांधणं आणि खाली दगड लटकवणं हे प्रकार सर्रास दिसतात. इंजिनाच्या थरथरीनं दगड हलतो, दगडाबरोबर वेग हलतो, आणि मग दोष गव्हर्नरला दिला जातो.

थरथरीचा मुद्दा जोडणीतही आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलं आणि लिव्हर जमिनीत रोवलेल्या खांबावर, मध्ये ताठ दांडा, तर इंजिन जेवढं हलेल तेवढं पंपाचं लिव्हर ओढलं जातं. म्हणून एक तर लिव्हरची पट्टी इंजिनावरच बोल्ट करावी, नाहीतर ताठ दांड्याऐवजी केबल वापरावी आणि केबलचं बाहेरचं आवरण इंजिनावरच्या ब्रॅकेटला पक्कं करावं. मोटारसायकलची क्लच वायर चालते, पण टोकाला गाठ मारून नव्हे, तिच्या मापाचा निपल बसवून. पंपाच्या लिव्हरला दोन-तीन भोकं असतील तर बाहेरचं भोक घ्यावं. हात जास्त फिरवावा लागतो, पण वेग बारीक साधता येतो. पूर्ण ओढलं तेव्हा पंपाचं लिव्हर आपल्या स्क्रूला टेकलं पाहिजे आणि त्यानंतर केबलवर ताण राहता कामा नये. परत आणणारी स्प्रिंग एकऐवजी दोन लावाव्यात. एक तुटली तर दुसरी आयडलला आणते.

बंद करण्याची सोय वेगळी आणि हाताशी हवी. यांत्रिक पंपाला स्टॉप लिव्हर असतो. त्याची स्वतंत्र केबल पट्ट्याच्या रेषेबाहेर, उभं राहून ओढता येईल अशा जागी आणावी. काही पंपांना विजेवर चालणारा डिझेल बंद करणारा व्हॉल्व्ह असतो. वीज गेली की तो बंद होतो. बॅटरी नसली तर इंजिन चालतच नाही म्हणून मिस्त्री त्यातला दट्ट्या काढून टाकतात. मग बंद करायचं कशानं? अशा वेळी हातानं डिझेल तोडणारी दुसरी सोय केल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नये. आणि कधी इंजिन बेभान झालंच, स्टॉपलाही दाद देईना, तर हवेचं तोंड सपाट फळीनं झाकावं. हात लावू नये, फडकं तर आत ओढलं जातं. अशी फळी इंजिनाशेजारी टांगलेली असावी.

नव्या गाड्यांची इंजिनं

आतापर्यंत सांगितलं ते जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यामुळे जुन्या बाजारात आता येणारी बरीचशी इंजिनं कॉमन रेल जातीची आहेत. ती दिसायला चांगली, कमी चाललेली आणि कधी कधी आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त असतात. स्वस्त का, याचं उत्तर इंजिनात नाही, इंजिनाबरोबर जे आलेलं नाही त्यात आहे.

या इंजिनाला यांत्रिक गव्हर्नर नाही, ॲक्सिलेटरची तारही नाही. पेडलखाली एक सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो दोन वेगवेगळ्या विद्युत संकेतांनी कंट्रोल बॉक्सला कळवतो. बॉक्स दोन्ही संकेत ताडून बघतो, त्यात क्रँकचा वेग, कॅमची जागा, पाण्याचं तापमान, रेलमधला दाब ही माहिती मिळवतो आणि मग कोणत्या नोझलनं किती डिझेल सोडायचं ते ठरवतो. दोन संकेत जुळले नाहीत तर बॉक्स इंजिनाला जेमतेम आयडलच्या वर ठेवतो, पुढं जाऊ देत नाही. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून फिरवायचं बटन आणून ते पेडलच्या जागी जोडण्याचा खटाटोप फसतो तो यामुळे.

म्हणून असं इंजिन घ्यायचंच असेल तर त्याच गाडीचा कंट्रोल बॉक्स, न कापलेला संपूर्ण वायरिंग हार्नेस, सगळे सेन्सर, पेडलचा पूर्ण संच, फ्यूज-रिले बॉक्स, आणि चोरीविरोधी किल्लीची यंत्रणा किल्लीसकट, हे सगळं एकत्र मिळालं पाहिजे. किल्लीतली चिप बॉक्सला ओळखीची नसेल तर इंजिन फिरेल, पण पेटणार नाही. दुसऱ्या मॉडेलचा बॉक्स ‘तसाच दिसतो’ म्हणून चालत नाही. नोझलसुद्धा, बऱ्याच इंजिनांत, स्वतःचा क्रमांक घेऊन येतं आणि बदललं तर तो क्रमांक स्कॅनरनं बॉक्सला सांगावा लागतो. हार्नेस कापलेला दिसला तर सौदा तिथंच सोडावा. माझं स्पष्ट मत विचाराल तर तालुक्यात स्कॅनर वापरणारा आणि वायरिंग वाचता येणारा माणूस नसेल, तर मळणीला आणि पंपाला यांत्रिक पंपाचंच इंजिन घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

सगळा संच मिळाला तरी पहिला प्रश्न उरतोच. गाडीचा कंट्रोल बॉक्स पेडलवरून ताकद देतो, वेग धरत नाही. म्हणजे वागणूक साधारण दोन टोकांच्या गव्हर्नरसारखीच. मूळ पेडलच्या संचाला हातलिव्हर जोडून पंप चालवता येतो, मळणीला आणि जनरेटरला ते समाधान देत नाही. वेग धरण्याची सोय बॉक्समध्ये मुळातच असलेली इंजिनं उद्योगांसाठी आणि ट्रॅक्टरसाठी बनतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे नियम आले आणि त्यामुळे असे बॉक्स ट्रॅक्टरांतही येऊ लागले आहेत.

दोन सावधगिरी जिवाच्या आहेत. आपल्या एचटीपी फवारणी पंपाचा दाब ३०-४० किलोच्या घरात असतो. कॉमन रेलमध्ये तो हजार-दीड हजारांवर जातो. चालू इंजिनाची डिझेलची नळी सैल करून ‘हवा काढणं’ इथं करायचं नाही, आणि गळती बोटानं तर मुळीच चाचपायची नाही. बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. दुसरं, फ्रेमला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या तारा आणि कंट्रोल बॉक्सचा कनेक्टर काढून ठेवावा. नाहीतर बॉक्स तिथंच संपतो. तो बसवावा उंच, कोरड्या जागी, उंदीर पोचणार नाहीत असा.

पेट्रोल इंजिनाचं थोडक्यात. मोटारीच्या साध्या कार्ब्युरेटरला गव्हर्नर नसतोच. पॉवर वीडर किंवा छोट्या पंपाच्या इंजिनाला मात्र हवेच्या झडपेला जोडलेली गव्हर्नरची बारीक काडी आणि स्प्रिंग असते. कार्ब्युरेटर बदलताना ती काडी ‘फालतू’ म्हणून फेकून दिली जाते. ती फालतू नाही.

ट्रॅक्टरमध्ये बदल करताना

जुन्या ट्रॅक्टरमध्ये दुसरं इंजिन बसवणाऱ्यांनी पीटीओचा हिशेब आधी करावा. समजा तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ इंजिनाच्या १८०० फेऱ्यांना ५४० फेऱ्या देतो. गाडीचं इंजिन आपली ताकद ३००० च्या पुढं देतं, म्हणून ते तिथवर पळवलं तर पीटीओ ९०० वर जातो. रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र ५४० साठी बनलेली. आणि १८०० वरच ठेवलं तर कागदावरचे ६० एचपी तिथं मिळत नाहीत. विकणारा एचपी सांगतो, किती फेऱ्यांना ते सांगत नाही. तेवढं विचारावं.

कायद्याची बाजूही आहे. ट्रॅक्टर हे नोंदणीचं वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओकडे जावं, नवा इंजिन क्रमांक पुस्तकात चढवून घ्यावा आणि विमा कंपनीला कळवावं. अपघात झाल्यावर पुस्तकातला नंबर एक आणि इंजिनावरचा दुसरा निघाला, तर दाव्याचं काय होतं ते सांगायला नको. पंपाचं इंजिन लावून केलेली जुगाड गाडीसुद्धा मोटार वाहनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली स्पष्ट केलं आहे. उभ्या इंजिनाला नोंदणी नाही, पण बिल आणि विकणाऱ्याच्या कागदाची प्रत जवळ ठेवावी. इंजिनावर नंबर असतो आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस आपल्याच शेडवर येतात. मळणी यंत्रांवरचे अपघात वाढले, तेव्हा १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला होता, हे गावातल्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावं.

इंजिन बसवून झालं की पहिल्या दिवशी मळणी लावू नये. पट्टा न चढवता, आधी स्टॉपची केबल तीन-चार वेळा ओढून इंजिन दर वेळी बंद होतं ना ते बघावं. मग लिव्हर हळूहळू वर नेत कमाल फेऱ्या मोजाव्यात. हातात धरायचा टॅकोमीटर आता फार महाग राहिलेला नाही, गटानं मिळून एक घेतला तरी सुगीभर पुरतो. पुलीवर खडूची रेघ मारून फेऱ्या डोळ्यानं मोजता येत नाहीत. कमाल फेऱ्या ठरल्यापेक्षा जास्त निघाल्या तर पट्टा चढवायचाच नाही, पंप परत दुकानात न्यायचा. बरोबर निघाल्या तर पट्ट्याला जाळी लावून, समोर कुणी उभं नाही असं बघून, हलक्या बोजावर तासभर चालवावं आणि मध्येच पेंढी घालणं थांबवून वेग कुठवर चढतो ते बघावं. कामाचा वेग सापडला की लिव्हरच्या पट्टीवर त्या जागी रंगाची खूण करावी. मळणीची लाल, पंपाची पिवळी, आणि कडबाकुट्टीला तेच इंजिन लागत असेल तर तिची तिसरी.